माझा उपास कमी पडला काय?

नागपूर जिल्ह्यातील एका खेड्यात आम्ही उपासनेकरिता गेलो होतो. शेवटचा आशीर्वाद होऊन लोक उठले, तरी एक वृद्ध बहीण भिंतीशी बसूनच राहिली. तिचा कमावता मुलगा दीर्घ आजारात पडला होता. त्याच्याकरिता तिने ओळीने सात शुक्रवार उपास धरिला, रात्री उठून प्रार्थना केली, आणि तरीही मुलगा वाचला नाही. पुढे मंडळीतील एका मनुष्याने तिला ऐकविले की, पुरत्या विश्वासाने उपास झाला असता तर लेकरू हाती लागले असते. ते शब्द तिच्या काळजात रुतून बसले होते. ती आम्हांस म्हणाली, "साहेब, माझा उपास कमी पडला का जी? आठवा शुक्रवार धरला असता तर पोरगा राहिला असता का?"

आम्ही तिच्याजवळ बसून प्रार्थना केली आणि तिचा उपास कमी पडला नाही, एवढे तिला सांगितले. परंतु असे का म्हणावयाचे, हे त्या घटकेस आम्हांस नीट उलगडून सांगता आले नाही. परतताना वाटेत आमच्या मनात आले की, हा प्रश्न त्या एकट्या बहिणीचा नाही. ज्या घरी आजार आहे, ज्या घरी कर्ज आहे, ज्या घरचे मूल वाईट वाटेस लागले आहे, त्या प्रत्येक घरी तो आज ना उद्या विचारिला जाईल. आणि आमच्या उपदेशक बंधूंस त्याचे उत्तर द्यावे लागेल. म्हणून जे त्या दिवशी बोलता आले नाही, ते येथे लिहितो.

आमच्या मंडळ्यांत उपासाविषयी दोन मते ऐकू येतात. कोणी म्हणतात, "आमच्या वाडवडिलांनी एकादशी पाळली, चतुर्थी पाळली, सोमवार पाळले. ख्रिस्ती झालो तेव्हा त्या ओझ्यातून सुटलो. आता पुन्हा उपास कशाला?" आणि 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण सांगून ते हसतात. दुसरे याच्या उलट टोकास जातात. त्यांच्या मते उपास म्हणजे प्रार्थनेस लाविलेले जास्तीचे बळ होय. तीन दिवसांचा उपास केला तर लहान संकट टळते, सात दिवसांचा केला तर त्याहून मोठे, आणि चाळीस दिवसांचा केला तर देवास ऐकावेच लागते, असा त्यांचा हिशेब असतो. त्या बहिणीस बोल लाविणारा मनुष्य या दुसऱ्या मताचा होता. तो दुष्ट नव्हता. हिशेब जुळेना, तेव्हा चूक कोठे तरी दाखविलीच पाहिजे, म्हणून त्याने ती शोक करणाऱ्या आईच्या पदरी टाकिली.

पवित्र शास्त्र या दोहोंपैकी कोणाचेही म्हणणे पुरते मान्य करीत नाही. डोंगरावरील उपदेशात प्रभूने दानधर्म, प्रार्थना व उपास या तिहींविषयी एकामागून एक सांगितले आहे. तेथे तो उपासाची बंदी करीत नाही. आपले शिष्य उपास करितील असे धरूनच तो बोलतो. मात्र तोंड धुवावे, डोक्यास तेल लावावे आणि तो उपास गुप्तातील पित्यास कळावा, लोकांस कळू नये, असे तो शिकवितो. अंत्युखियाच्या मंडळीने बर्णबा व शौल यांस सेवेकरिता पाठविले ते उपास व प्रार्थना करून पाठविले, हे प्रेषितांच्या कृत्यांच्या तेराव्या अध्यायात आहे. तेव्हा उपास टाकून द्यावा असे म्हणता येत नाही. दुसऱ्या बाजूस, लूकच्या अठराव्या अध्यायातील परूशी आठवड्यातून दोनदा उपास करीत असे आणि तो आपला हिशेब देवापुढे मांडण्यास मंदिरात गेला होता. तो नीतिमान ठरून घरी गेला नाही. छाती बडवून दयेची याचना करणारा जकातदार मात्र ठरून गेला. ज्याच्या उपासांची संख्या मोठी होती, त्याचे हात रिकामे राहिले.

उपासाचा असा सौदा मनुष्यास कोठवर नेतो, याची एक खरी हकीकत महाराष्ट्रातील पुष्कळ ख्रिस्ती लोकांस ठाऊक आहे. तरी ती या प्रश्नाच्या प्रकाशात पुन्हा वाचण्यासारखी आहे. पंडिता रमाबाई यांचा जन्म १८५८ साली झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान व धर्मनिष्ठ ब्राह्मण होते. कुटुंब तीर्थोतीर्थी फिरे आणि पुराणे सांगून निर्वाह करी. पुढे दक्षिणेत दुष्काळ पडला. जवळचा पैसा संपत चालला, तेव्हा देवाची कृपा व्हावी म्हणून त्यांनी उपास केले, व्रते केली, उरलेले द्रव्य दानधर्मात घातले. अन्न मिळाले नाही. प्रथम वडील, मग आई, मग वडील बहीण, अशी तिघे अल्पकाळात गेली. रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवासशास्त्री एवढेच उरले; ती दोघे पायी देशभर हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. आरंभी स्वेच्छेने केलेला उपास शेवटी नाइलाजाची उपासमार झाला होता. जे देता येईल ते सर्व देऊन झाले, आणि वरून उत्तर आले नाही.

ही हकीकत वाचून, हा दोष त्यांच्या जुन्या धर्माचा होता, असे म्हणून आम्ही मोकळे होऊ नये. त्या माणसांची निष्ठा आमच्यातील बहुतेकांहून मोठी होती. आणि देवास काही देऊन त्याच्याकडून काही काढून घ्यावे, ही बुद्धी बाप्तिस्म्याच्या पाण्याने आपोआप धुऊन जात नाही. प्रभूचे नाव घेऊनही मनुष्य तोच व्यवहार करू शकतो. देवाचे नाव तेवढे बदलते, वहीखाते तेच राहते.

१८८३ साली इंग्लंडात रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. पुढे १८९६-९७ साली मोठा दुष्काळ पडला आणि नागपूर ज्याचे मुख्य ठिकाण होते त्या मध्य प्रांतास त्याची झळ फार बसली. रमाबाई तेव्हा पुण्यास शारदासदन चालवीत होत्या. बातमी ऐकून त्या स्वतः मध्य प्रांतात आल्या आणि उपाशी, निराधार मुली व स्त्रिया यांस आपल्याबरोबर घेऊन गेल्या. केडगाव येथील मुक्तिसदन या दुष्काळपीडितांच्या वस्तीनेच वाढले. येथे नीट लक्ष द्यावे. मुलगी असताना ज्या भुकेने त्यांचे घर बुडविले, तीच भूक वीस वर्षांनंतर दुसऱ्यांच्या मुलींच्या तोंडावर त्यांनी ओळखिली. पहिल्या वेळी भुकेतून काही विकत घ्यावयाचे होते. या वेळी विकत घ्यावयाचे काही नव्हते. देवाने ख्रिस्तात आपणांस फुकट दिले आहे, म्हणून आपणही द्यावे, एवढेच होते.

१९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी केडगावास रोजच्या विशेष प्रार्थनेकरिता स्त्रियांचा एक गट जमविला. आरंभी सुमारे सत्तर जणी होत्या. जूनपर्यंत ती संख्या साडेपाचशेच्या घरात गेली, आणि त्या महिन्याच्या अखेरीस तेथे जे संजीवन झाले त्याची वार्ता देशोदेशी पसरली. असे वाचले की आम्हांस वाटते, पाहा, एवढी प्रार्थना केली म्हणून एवढे फळ आले. परंतु गोष्ट तेथे संपत नाही. रमाबाईंची एकुलती एक कन्या मनोरमाबाई ही त्यांचा उजवा हात होती. आपल्यामागे हे काम तीच चालवील अशी सर्वांची अपेक्षा होती. ती १९२१ साली, चाळिसाव्या वर्षी वारली. जिने शेकडो मुलींस प्रार्थना करावयास शिकविले, त्या मातेने आपल्या लेकीच्या आजारात प्रार्थना केली नसेल, असे कोण म्हणेल? आणि तिची प्रार्थना अपुरी पडली, असे म्हणण्याचे धाडस तरी कोण करील? रमाबाई अनेक वर्षे पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर करीत होत्या. लेक गेल्यावरही त्यांनी ते काम सोडिले नाही. ते पुरे करूनच १९२२ च्या एप्रिल महिन्यात त्या प्रभूकडे गेल्या.

शास्त्रात याला जुळणारा एक प्रसंग आहे, आणि त्या वृद्ध बहिणीस आम्ही तोच वाचून दाखवावयास पाहिजे होता. २ शमुवेल, अध्याय १२ यात दावीद राजाचे मूल आजारी पडते. राजा उपास करितो, रात्रभर जमिनीवर पडून राहतो, वडीलधारी मंडळी उठवावयास आली तरी उठत नाही, भाकर खात नाही. सातव्या दिवशी मूल मरते. चाकर भितात की, आता हा आपल्या जिवाचे काही बरेवाईट करील. परंतु दावीद उठतो, स्नान करितो, परमेश्वराच्या घरात जाऊन भजन करितो, आणि मग घरी येऊन जेवतो. लोक चकित होऊन विचारितात, तेव्हा तो सांगतो की, मूल जिवंत होते तोवर देव कृपा करील या आशेने मी उपास केला. आता ते माझ्याकडे परत येणार नाही, मी त्याच्याकडे जाईन.

दावीदाने येथे आठव्या दिवसाचा हिशेब केला नाही. उपास कमी पडला, असे त्याने स्वतःस म्हटले नाही, व शास्त्रही म्हणत नाही. उपासाने मूल वाचले नाही. पण मूल गेल्यावर तो मनुष्य देवापासून पळाला नाही, देवाच्याच घरात गेला. सात दिवस तो ज्याच्यापुढे पडून होता, त्यालाच शोकातही ओळखीत होता. ज्याने सौदा केलेला असतो तो सौदा फसल्यावर दुकान बदलितो. ज्याने पित्याजवळ रडून घेतले, तो रडणे झाल्यावरही पित्याजवळच राहतो. उपासातून मिळणारी आशा ती हीच होय. ती मागितलेल्या वस्तूवर टांगलेली नसते.

आता कोणी विचारील, उपासाने देवाचे मन ओढिता येत नसेल, तर उपास करावाच कशाला? याचे उत्तर आमच्या गावच्या रीतीतच आहे. घरात कोणी अत्यवस्थ असले तर आईच्या घशाखाली घास उतरत नाही. तिला उपास करावयास कोणी सांगत नाही. प्रीतीच तिला जेवू देत नाही. मयत झालेल्या घरी चूल पेटत नाही. शेजारीपाजारी व सोयरे भाकरी आणून शोक करणाऱ्यांस बळेच कडू घास भरवितात. नियम व व्रते पुष्कळ पुढची आहेत. त्यांच्या आधी उपास ही दुःखाची व प्रीतीची बोली होती. मनुष्य सगळ्या जिवाने देवास हाक मारितो, तेव्हा त्याचे पोटही त्या हाकेत सामील होते. जो वेळ रांधण्यावाढण्यात जावयाचा तो गुडघ्यांवर जातो. आपण भाकरीने जगतो खरे, परंतु ती भाकर ज्याच्या हातची आहे त्याच्यावाचून जगू शकत नाही, हे एक दिवस रिकाम्या पोटाने कळते. एवढ्याकरिता उपास आहे. देव ऐकत नव्हता तो आता ऐकू लागला, असे काही त्यात होत नाही. आपण ऐकत नव्हतो ते ऐकू लागतो.

शिवाय उपास खरा की खोटा, हे ओळखण्याची खूणही देवाने सांगून ठेविली आहे. यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायातील लोक तक्रार करितात की, आम्ही उपास केला व देवाने पाहिले नाही. त्यांस उत्तर मिळते की, उपासाच्या दिवशीही तुम्ही आपल्या मजुरांस पिळता. जुलमाची बंधने सोडावी, भुकेल्यास आपल्या अन्नातला वाटा द्यावा, निराश्रितास घरात घ्यावे, उघड्यास वस्त्र द्यावे, हा उपास मला आवडतो. म्हणजे आपल्या ताटातील जी भाकर आज वाचली, ती कोठे गेली, असा देवाचा प्रश्न आहे. ती संध्याकाळी दुप्पट होऊन आपल्याच ताटात आली असेल, तर ती वरची म्हण आमच्यासही लागू पडते. मिझोराममधील ख्रिस्ती स्त्रिया १९१० सालापासून जेवणाचा भात शिजविण्यापूर्वी मूठभर तांदूळ मंडळीच्या कामाकरिता बाजूला काढून ठेवितात. त्या मुठी जमून तेथील मंडळ्यांच्या सेवेस मोठा आधार झाला आहे. आमच्या गावीही उपासाच्या दिवसाची ज्वारी, तांदूळ किंवा तूरडाळ एका डब्यात जमवून विधवेच्या किंवा आजाऱ्याच्या घरी गुपचूप पोहोचविता येईल. तोंड धुऊन, डोक्यास तेल लावून करावयाचा उपास तो हाच.

येथे आमच्या उपदेशक बंधूंस काही सावधगिरीचे शब्द सांगितले पाहिजेत. ज्याच्या घरी काल रात्रीच चूल पेटली नाही, त्यास उपास करावयास सांगू नये. त्याची उपासमार हा उपास नसून आमच्या प्रीतीची कसोटी आहे. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, लहान मुले, मधुमेहाची औषधे घेणारे, यांस अन्नाचा उपास घालू नये. आमच्या विदर्भात सिकलसेलचे रोगी पुष्कळ आहेत. अंगातील पाणी कमी झाल्यास त्यांस तीव्र वेदना उठतात व जिवावरही बेतते, म्हणून निर्जळी उपास त्यांच्याकरिता धोक्याचा आहे. वैशाखाच्या उन्हात शेतावर किंवा रस्त्याच्या कामावर राबणाऱ्या मजुराचेही तसेच. उपास सुरू केला म्हणून डॉक्टरांचे औषध बंद करावे, असे कोणी शिकवील तर त्याचे ऐकू नये; वैद्य लूक प्रेषिताचा सोबती होता, हे त्यास आठवून द्यावे. ज्यांस अन्न सोडिता येत नाही त्यांनी दुसरे काही सोडावे. कित्येक तरुणांस एक दिवस भाकरी सोडणे सोपे जाईल, पण खर्रा सोडणे जड जाईल. त्यांनी खर्रा सोडावा, आणि ते पैसे त्या डब्यात टाकावे. कोणी संध्याकाळचा मोबाइल बंद ठेवून तो तास प्रार्थनेस द्यावा.

आता त्या आशेविषयी आणखी थोडे. आमच्या भागातील शेतकऱ्याची स्थिती वाचकांस ठाऊक आहे. कापूस कधी पावसाने गेला, कधी बोंडअळीने. २०१७ साली त्या अळीने विदर्भात केवढा नाश केला हे अनेकांनी आपल्या शेतात पाहिले. अशा वर्षी निराश झालेल्या मनुष्यास, "उपास कर, म्हणजे कर्ज फिटेल," असे सांगणे हे पाप आहे. कर्ज फिटले नाही तर त्याची पिकावरील आशा गेलेलीच असते. तिच्यामागून देवावरीलही जाईल, आणि त्याच्यापाशी काहीच उरणार नाही. त्याऐवजी त्याच्या ओसरीवर जाऊन बसावे, त्याच्याबरोबर प्रार्थना करावी, त्यास रात्री एकटे सोडू नये, आणि सकाळी त्याच्यासंगे बँकेत किंवा तहसील कचेरीत जावे. ज्या देवाजवळ आपण उपाशीपोटी रडलो त्याने आपणांस टाकिले नाही, हे त्या मनुष्यास आमच्या शब्दांपेक्षा आमच्या सोबतीवरून अधिक लवकर पटेल.

नागपुरात शुभवर्तमानाचे बीज पेरणारे स्टीफन हिस्लॉप हे १८४५ साली येथे आले. अठरा वर्षे त्यांनी शाळा चालविल्या, उपदेश केला, येथील दगड व आदिवासींच्या भाषा अभ्यासिल्या. बाप्तिस्मा घेणारे थोडेच मिळाले. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहून घोड्यावरून बोरीकडे येत असता, अंधारात पुराने भरलेला नाला उतरताना ते बुडून मरण पावले. ज्या नगराकरिता त्यांनी आयुष्य वेचले त्यात आपल्या श्रमाचे फळ त्यांनी फारसे पाहिले नाही. त्यांच्या नावाचे कॉलेज वीस वर्षांनी, १८८३ साली निघाले. फळावरूनच प्रार्थनेचे मोल ठरवावयाचे, तर त्या रात्री नाल्याच्या काठी उभे राहून कोणीही म्हटले असते की, या मनुष्याची प्रार्थना कमी पडली. ती कमी पडली नव्हती. ती देवाजवळ होती, आणि देवाजवळ जे ठेविले ते हरवत नाही.

तेव्हा, भगिनी, तुझ्या प्रश्नाचे आमचे उत्तर हे आहे. तुझा उपास कमी पडला नाही. आठवा शुक्रवार, नववा शुक्रवार यांवर तुझ्या मुलाचा जीव टांगलेला नव्हता. देवाने तुझे दिवस मोजून एक कमी भरला म्हणून मुलगा नेला, असा आमचा पिता नाही. ज्याने आपला एकुलता एक पुत्र आमच्याकरिता दिला, तो आईच्या उपाशी पोटाचा हिशेब करीत बसत नाही. त्याने तुझी विनंती का मान्य केली नाही, हे आम्हांस सांगता येत नाही, आणि सांगता येते असे म्हणणाऱ्यावर तू विश्वास ठेवू नको. गेथशेमाने बागेत प्रभूनेही प्याला टळावा म्हणून विनंती केली व तो टळला नाही; म्हणून तुझ्या रात्री त्यास परक्या नाहीत. आता दावीदाप्रमाणे ऊठ, तोंड धू, देवाच्या घरात ये, आणि दोन घास खा.

आणि मंडळीतील बंधुभगिनींनो, तिने ते घास खावे म्हणून ते कोणी तरी तिच्या दारी नेले पाहिजेत. तिचा न्याय करावयास आमच्यातील एक मनुष्य गेला होता; आता तिच्याबरोबर जेवावयास दहा जण जावोत. येत्या शुक्रवारी ज्यांस उपास करावयाचा आहे त्यांनी तो करावा, आणि त्या दिवशी वाचलेले अन्न घेऊन आपल्या गावात असे जे घर असेल त्या घरी जावे. सर्व सांत्वनाचा देव आम्हांस मागण्याचे धैर्य, न मिळाल्यास टिकून राहण्याची आशा, आणि एकमेकांचे ओझे वाहण्याची प्रीती देवो. आमेन.